सवलतीची मजुरी

त्या रात्री साडेअकरा वाजले होते आणि मी तीन ॲपवर एकाच धुण्याच्या पावडरीचा भाव ताडून बघत होते. एकीकडे मोठ्या पुड्यावर पंधरा टक्के सवलत, दुसरीकडे दोनवर एक फुकट, तिसरीकडे ठरावीक रकमेच्या वर खरेदी केली तर पुढच्या वेळचं कूपन. मुलगी दारात येऊन म्हणाली, “आई, झोप ना आता.” मी म्हटलं, “दहाच मिनिटं.” पंधरा टक्क्यांच्या कूपनाची मुदत बाराला संपणार होती आणि ते लागू व्हायला रक्कम जराशी कमी पडत होती. म्हणून यादीत नसलेल्या दोन वस्तू टाकल्या, बाराला चार मिनिटं असताना पैसे भरले आणि मोठ्या समाधानाने झोपले.

सामान आलं तेव्हा पुडा ठेवायला कपाट उघडलं. मागच्या रांगेत त्याच पावडरीचे चार पुडे होते. त्यातल्या एकाला खालून ओल लागून त्याचा दगड झाला होता.

दीड वर्ष मी हे सगळं मन लावून केलं होतं. कूपनं कापणं, तारखेच्या क्रमाने पाकिटात लावणं, कुठल्या दिवशी कुठे काय स्वस्त असतं ते पाठ ठेवणं, पावत्यांचे फोटो काढून चढवणं, जमलेले गुण मुदतीआधी वापरणं. त्या दगडाकडे बघताना पहिल्यांदा प्रश्न पडला, की या दीड वर्षात आपण वाचवलं किती आणि त्यासाठी दिलं किती? आणि त्याच्या मागोमाग दुसरा, जो आजही डोक्यातून गेलेला नाही: रोजचं वाणसामान वाजवी भावात मिळावं म्हणून माणसाला इतकं राबावं का लागतं?

कूपन वापरू नका असं मला मुळीच म्हणायचं नाही. ज्या घरात विसाव्या तारखेपासून पहिली तारीख मोजायला सुरुवात होते, तिथे शंभरातले दहा वाचले तर त्या दहात औषध येतं, वही येते. “पैशांपेक्षा वेळ जपा” असा सल्ला ज्यांच्याकडे दोन्ही असतं तेच देऊ शकतात. माझं म्हणणं असं, की कूपन ही मजुरी आहे. दुकान आणि कंपनी आपल्याकडून काम करून घेतात आणि त्याचा मोबदला बिलातून वळता करतात. मग दुसरं कुठलंही काम धरताना जे विचारतो ते इथेही विचारायला हवं. तास किती? दर काय? आणि असं काम लोकांच्या गळ्यात घालणं रास्त आहे का?

कूपन हा शब्द फ्रेंच. ‘कापणे’ या क्रियापदावरून आलेला. १८८० च्या दशकाच्या अखेरीस कोका-कोलाने एक पेला फुकट देणाऱ्या चिठ्ठ्या वाटायला सुरुवात केली, आणि १८९४ ते १९१३ या काळात अशा चिठ्ठ्यांवर सुमारे ८५ लाख पेले दिले गेले असा अंदाज सांगितला जातो. चिठ्ठी दाखवा, चव घ्या, आवडलं तर उद्या पैसे देऊन या. त्यात गिऱ्हाइकाला काही कष्ट नव्हते. कष्ट नंतर आले. अमेरिकेतल्या छापील कूपनांवर आजही बारीक अक्षरांत ‘रोख मूल्य १/१०० सेंट’ असं लिहिलेलं सापडतं. ते जुन्या कायद्यांच्या पूर्ततेसाठी असतं, पण मला ती ओळ फार खरी वाटते. त्या कागदाची स्वतःची किंमत जवळजवळ शून्य आहे. त्याला किंमत येते ती आपण तो शोधला, कापला, सांभाळला, त्याची तारीख लक्षात ठेवली आणि काउंटरवर वेळेत काढून दिला म्हणून.

आता एक आकडा बघा. २०१० साली अमेरिकेत रोजच्या वापराच्या वस्तूंची सुमारे ३३२ अब्ज कूपनं वाटली गेली. वापरली गेली साधारण ३.३ अब्ज. शंभरातलं एक. बाकीची नव्व्याण्णव रद्दीत गेली आणि तरी कंपन्या कूपनं काढत राहिल्या. का? याचं उत्तर चक्रवर्ती नरसिंहन या अभ्यासकाने १९८४ साली नीट मांडून दाखवलं. दुकानात दोन प्रकारची माणसं येतात. एकाला भावाने फरक पडतो, दुसरा भाव न बघता वस्तू उचलतो. कोण कुठला हे चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. म्हणून मध्ये एक कुंपण घालायचं. जो धडपड करून कुंपण ओलांडेल त्याला वस्तू कमी भावात, जो ओलांडणार नाही त्याला पूर्ण भावात. कूपन कटकटीचं असतं ते यासाठीच. ते सोपं झालं तर सगळेच वापरतील, आणि सगळ्यांनी वापरलं तर कुंपणाला अर्थ उरणार नाही. कंपनीला सवलत तरी बंद करावी लागेल किंवा मूळ भाव तरी बदलावा लागेल.

हे समजलं तेव्हा माझ्या मनावरचं एक ओझं उतरलं. दीड वर्ष मला वाटत होतं की मी थकते याचा अर्थ माझं नियोजन कच्चं आहे. दुसऱ्या बायका कशा छान जमवतात, मलाच जमत नाही. पण शंभरातल्या बहुतेकांनी अर्ध्यावर सोडून द्यावं याच हिशेबाने ही रचना उभी आहे. आपण दमतो तेव्हा ती बिघडलेली नसते, नेमकी चालू असते.

आणि त्या कुंपणात मला एक मोठा अन्याय दिसतो. त्यामागे असं गृहीत धरलेलं आहे की ज्याच्याकडे पैसा कमी, त्याच्याकडे वेळ भरपूर. हे खरं कुठे असतं? दोन ठिकाणी काम करून घरी येणारी, आल्या आल्या स्वयंपाकाला लागणारी बाई घ्या. तिच्याकडे पैसाही कमी आणि वेळही कमी. सवलतीची सर्वांत जास्त गरज तिला, आणि कुंपणाबाहेर राहण्याची शक्यताही तिचीच जास्त. डोक्यात जागा लागते ती वेगळीच. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला, सेंधिल मुल्लईनाथन, एल्डार शफीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्याच शेतकऱ्यांची कापणीआधी, हात आखडलेला असताना, आणि कापणीनंतर, पैसे आल्यावर, विचारशक्तीची चाचणी घेतली गेली. आधीच्या चाचणीत तीच माणसं मागे पडली. चणचणीची काळजी डोक्यातली जागाच व्यापून बसते, असा त्यातून त्यांनी अर्थ लावला. ज्याचं डोकं असं आधीच भरलेलं आहे त्याला आपण सांगतो, सात कूपनांच्या सात तारखा लक्षात ठेव, मग तुला कमी भाव देऊ.

घराच्या आतही हे काम सारखं वाटलं जात नाही. मी बघितलेल्या प्रत्येक घरात ते एकाच माणसाच्या अंगावर असतं आणि ते माणूस बहुतेक वेळा बाई असते. दिसतं ते फक्त शेवटचं टोक, स्वस्तात आलेली पिशवी. त्याआधीचं बघणं, लिहिणं, ताडणं, जेवताना फोन वाजला की मान वळवणं, हे कुणाच्या हिशेबात येत नाही. आमच्याकडेही आलं नव्हतं. “तुला आवडतं म्हणून करतेस” असं नवरा म्हणाला तेव्हा मला राग आला, आणि नंतर कळलं की त्यात थोडं तथ्यही होतं.

कारण कूपन गोड लागतं. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८५ साली दाखवून दिलं की खरेदीत माणसाला दोन वेगळी सुखं मिळतात: एक वस्तू उपयोगी पडण्याचं आणि दुसरं सौदा चांगला पटल्याचं. हे दुसरं सुख वस्तूची गरज असो नसो, मिळतंच. माझे चार पुडे त्या दुसऱ्या सुखाचे होते. त्याची दुसरी बाजू आणखी वाईट. न वापरलेल्या कूपनाची तारीख उलटली की आपण म्हणतो, “कूपन बुडालं.” बुडतं ते कर्जाऊ दिलेलं, भिशीत घातलेलं. इथे आपल्या पाकिटातून काही गेलेलंच नसतं. तरी जीव हळहळतो, आणि ती हळहळ टाळण्यासाठी आपण रात्री साडेअकराला जागे असतो.

मी मग चार आठवडे एक वही ठेवली. डाव्या पानावर मिनिटं, उजव्या पानावर खरोखर वाचलेले पैसे. ‘खरोखर’चा नियम कडक ठेवला होता. वस्तू मी तशीही घेणारच होते का? आणि सवलत नसती तर मी नेहमीच्या दुकानात, नेहमीच्या कंपनीची, ज्या भावाने घेतली असती त्याच्यापेक्षा किती कमी लागले? खोडून वर लिहिलेल्या छापील किमतीशी तुलना करायची नाही. पहिल्याच आठवड्यात उजव्या पानावरच्या निम्म्या ओळी खोडाव्या लागल्या.

महिन्याचे तास भरले साडेतेरा. आणि वाचलेल्या रकमेचा तीन चतुर्थांशाहून मोठा भाग पहिल्या तीन तासांतला होता: नेहमीच्या वस्तूंवरची ठळक सवलत, जास्त टिकणाऱ्या वस्तूंचा मोठा पुडा, आणि आधीपासून खात्यात असलेलं कूपन. उरलेल्या दहा-साडेदहा तासांत जे मिळालं त्याचा तासाचा दर काढला. त्या दराने मी दुसऱ्या कुणाला काम सांगितलं नसतं. सांगायला जीभच रेटली नसती. स्वतःला मात्र दीड वर्ष सांगत आले होते. जॉर्ज स्टिगलर या अर्थतज्ज्ञाने १९६१ सालीच लिहून ठेवलं होतं की भाव शोधण्यालाही खर्च येतो, आणि पुढच्या शोधातून होणारा फायदा त्याच्या खर्चाहून कमी झाला की थांबावं. अर्थशास्त्रात ही पायाभूत गोष्ट आहे. घरात कुणी ती शिकवत नाही, कारण घरातल्या तासाला दर आहे हेच मान्य नसतं.

आता आमच्याकडे शनिवारी सकाळी चाळीस मिनिटं. क्रम महत्त्वाचा आहे. आधी कपाटं उघडून बघायची, मग यादी लिहायची, आणि त्यानंतरच कूपनं बघायची, तीही यादीतल्या वस्तूंचीच. पूर्वी मी उलट करत होते. कूपनं बघून यादी करत होते, आणि मग यादी माझी न राहता कंपन्यांची होत होती. चाळीस मिनिटं झाली की जे सापडलं ते पुरे. एक आठवडा मी बसते, एक आठवडा नवरा. पहिल्यांदा तो बसला तेव्हा पंचवीस मिनिटांत कपाळावर आठ्या घालून म्हणाला, “एवढं सगळं तू रोज करत होतीस?” मला त्या महिन्यातली सगळ्यात मोठी बचत ती वाटली.

कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. पेन्सिलीने लिहिलेला, म्हणजे खोडता येतो. त्यावर आम्ही वर्षभर वापरतो अशा चौदा वस्तू आणि प्रत्येकीपुढे किलोला किंवा लिटरला आम्हाला पडणारा चांगला दर. बाकी सगळ्या युक्त्या एका बाजूला आणि हा कागद एका बाजूला. ‘५० टक्के सवलत’ हे शब्द मला आता काही सांगत नाहीत, कारण कशाच्या पन्नास टक्के ते त्यात नसतं. किलोचा दर सांगतो. त्या कागदामुळेच कळलं की मोठा पुडा दर वेळी स्वस्त नसतो. कधीकधी दोन लहान घेतलेले परवडतात. साठ्याचं म्हणाल तर दोन महिन्यांत संपेल त्याच्यावर काही घ्यायचं नाही. सूचना बंद केल्या. तारखा उलटू देते. सुरुवातीला दोन-तीन आठवडे हात शिवशिवत होता, मग थांबला.

पण इथवर जे सांगितलं ते एका घरापुरतं झालं. मला जे बोलायचं होतं त्याचा अर्धा भाग याच्या बाहेर आहे.

मागच्या महिन्यात काउंटरच्या रांगेत माझ्यापुढे सत्तरीचे एक गृहस्थ होते. फळीवरच्या पिवळ्या चिठ्ठीत दोन भाव लिहिलेले होते, मोठ्या अक्षरांत कमी भाव, खाली लहान अक्षरांत जास्त. त्यांनी मोठ्या अक्षरांतला वाचून दोन बाटल्या उचलल्या होत्या. बिल जास्त आलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “काका, तो भाव ॲपवर आहे. ॲप आहे का?” त्यांनी खिशातून बटणांचा फोन काढून तिला दाखवला. ती बिचारी काय करणार? त्यांनी एक बाटली बाजूला सरकवली आणि पाकिटातली नाणी पुन्हा मोजली. माझ्या फोनवर ते कूपन होतं, मी ते त्यांच्या बिलाला लावून दिलं. त्यांनी आभार मानले आणि मग मला विचारलं, जणू मी दुकानातलीच आहे, “चिठ्ठी सगळ्यांना दिसते, मग भाव सगळ्यांना का नाही?”

हा प्रश्न फक्त त्यांचा नाही. १९९५ साली टेस्को या ब्रिटिश दुकानसाखळीने क्लबकार्ड हे सभासद-कार्ड आणलं आणि खरेदीच्या नोंदीच्या बदल्यात सवलत हा व्यवहार मोठ्या प्रमाणावर रूढ झाला. ब्रिटनच्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे ५० हजार वस्तूंवरचे सभासद-भाव तपासून निष्कर्ष जाहीर केले. ९२ टक्के ठिकाणी सवलत खरी निघाली, आणि सभासदांची सरासरी बचत १७ ते २५ टक्के होती. दुकानांनी हे प्रशस्तिपत्र म्हणून घेतलं. सवलत बनावट नाही हे चांगलंच आहे. पण तोच आकडा उलटा धरून वाचा: जो सभासद नाही तो त्याच फळीवरच्या त्याच वस्तूला इतके जास्त मोजतो. आणि सभासद नसणाऱ्यांत स्मार्टफोन नसलेले, म्हातारे, आपली माहिती द्यायची नाही असं ठरवलेले, आणि नुसते दमलेले, सगळे येतात. या प्राधिकरणानेही ज्यांना ॲप वापरता येत नाही त्यांच्यापर्यंत सवलत पोहोचवा असं दुकानांना सुचवलं.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला, लोकांनाच सवलती हव्या असतात. अमेरिकेतल्या जेसी पेनी या कपड्यांच्या आणि घरसामानाच्या दुकानसाखळीने २०१२ साली कूपनं बंद करून रोजच कमी भाव ठेवायला सुरुवात केली. त्या एका वर्षात विक्री सुमारे चतुर्थांशाने पडली आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये प्रमुखाला जावं लागलं. माझ्या मते त्यातून एवढंच सिद्ध होतं की शेजारची सगळी दुकानं कूपनांचा गाजावाजा करत असताना एकट्याने शहाणपणा करता येत नाही. म्हणूनच हे काम एखाद्या दुकानाच्या भलेपणावर सोडता येत नाही, नियम सगळ्यांना एकच लागतो.

दुसरा आक्षेप, कुंपण काढलं तर सगळ्यांचा भाव मध्यावर येईल आणि आज कूपनं वापरणाऱ्यांचं थोडं नुकसान होईल. होईल, माझंही होईल. मला ते मान्य आहे. माझे थोडे पैसे जास्त जातील आणि त्या गृहस्थांची दुसरी बाटली घरी जाईल.

नियम करणं अशक्यही नाही. युरोपीय संघात किलो-लिटरमागचा दर दाखवण्याचा निर्देश १९९८ पासून आहे. २८ मे २०२२ पासून तिथे आणखी एक नियम लागू झाला: सवलत जाहीर करताना ‘आधीची किंमत’ म्हणून गेल्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमतच दाखवायची. आधी भाव चढवून मग उतरवल्याचा देखावा त्याने अवघड झाला. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहराने ठरवलं की जे किराणा दुकान ॲपवर सवलत देईल त्याने तीच सवलत कागदावरही द्यायची. फळीवर लिहिलेला कमी भाव काउंटरवर आपोआप लागला पाहिजे, किलोचा दर सवलतीच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत छापला पाहिजे, आणि माहिती न देणाऱ्याला दंड केल्यासारखा भाव लावता कामा नये, या तीन गोष्टी कुठल्याही देशातल्या गिऱ्हाइकाने मागाव्यात अशा आहेत.

मी त्या तीन मागण्या एका कागदावर लिहून दुकानाच्या सूचनापेटीत टाकल्या. दोन आठवड्यांनी व्यवस्थापक भेटले. कागद वाचला होता त्यांनी. म्हणाले, “ताई, बरोबर आहे तुमचं, पण हे वरून ठरतं.” मी वरचा पत्ता लिहून घेतला. गेल्या शनिवारच्या चाळीस मिनिटांतली वीस ते पत्र लिहिण्यात गेली, आणि खाली नवऱ्याने, मुलीने आणि त्या बाटलीवाल्या काकांनीही सही केली आहे.